अप्पांची सकाळची पूजा

कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या वहिनीला असा ठसका लागला, की मला सुट्टीच्या दिवशी घरातच ड्यूटी करावी लागली. आणि पराक्रम सगळा माझाच आहे हो, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही!

मी मूळची हदगावची, नर्स म्हणून नोकरी लातूरच्या एका दवाखान्यात. मध्यंतरी आमचं एक प्रशिक्षण झालं. विषय काय, तर पेशंटची संस्कृती ओळखून त्याची सेवा करायची. कोण काय खातो, कुणाचा उपवास कधी, कुणाच्या अंगावरचं काय काढायचं नाही. मला तर बाई फार पटलं. माणूस आजारी पडला म्हणून देव थोडाच घरी ठेवून येतो? ठरवलं, आपल्या वॉर्डात आता कुणाचं मन दुखवायचं नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी देवणीकडचे अप्पा भरती झाले.

सत्तरीचे, शिडशिडीत. पायाला जखम आणि शुगर वाढलेली. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग. मी लगेच ओळखलं, लिंगायत! प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं, की यांच्यातले काही जण लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाहीत. आता त्यातलं ते 'काही जण' माझ्या डोक्यातून कुठे गळून पडलं, कुणास ठाऊक!

सकाळी मी अप्पांना इन्सुलिन टोचलं. मागोमाग नाश्ता आला, उपमा आणि बिनसाखरेचा चहा. अप्पांनी हात पुढे केला आणि मी ताटली मागे ओढली.

"थांबा अप्पा. आधी पूजा!"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग चहाकडे बघितलं.

"आत्ता?"

"आत्ताच. मी सगळं करून देते, संकोच करू नका."

"बरं माय," अप्पा म्हणाले. "तुमी म्हनाल तसं."

किती गुणी पेशंट! मला तर भरूनच आलं.

मग काय विचारता माझा उत्साह! गरम पाणी आणलं. पायाला पट्टी म्हणून अंग पुसून दिलं. वॉचमनला समोरच्या देवळात पिटाळून बेलाची पानं मागवली. शेजारच्या खाटेवर उदगीरचे चाचा चहात खारी बुडवून खात होते. मी मधला पडदा ओढला आणि म्हटलं, "चाचा, जरा तिकडं तोंड करून खा. यांचं अजून देवाचं व्हायचंय."

तेवढ्यात अप्पांची सून थर्मास घेऊन आली. "मामाला च्या आनलाय," म्हणाली.

"पूजेच्या आधी चहा?" मी कमरेवर हात ठेवला. "अहो, घरच्यांनीच असं केलं तर आम्ही काय करायचं? तुमच्यात चालतं का हे?"

"चालतंय की. मामा तर रोज..."

मी पुढचं ऐकून घेतलं तर ना! तिला थर्माससकट बाहेरच्या बाकावर बसवून आले. म्हणजे बघा, लिंगायतांच्या सुनेला लिंगायतांची रीत कोण शिकवतंय, तर हदगावच्या पाटलाची लेक! हसा, हसा.

अप्पांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, भस्म लावलं, बेल वाहिला. डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम आला. मी शेजारच्या शिकाऊ पोरीच्या कानात कुजबुजले, "बघ गं, याला म्हणतात भाव!"

मग अप्पांनी एक बेलाचं पान तोंडात टाकलं. म्हटलं, प्रसाद असेल. मग दुसरं पान टाकलं. मग तिसरं, आणि तेही चांगलं चावून चावून.

पडदा जरासा सारून चाचा म्हणाले, "सिस्टर, गुस्सा नका करू. पन अप्पाला भूक लागली हाय हो. पाला खाऊन राहिले ते!"

आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इन्सुलिन! टोचलं मीच आणि खाणं अडवून बसले तेही मीच. इन्सुलिन दिल्यावर पेशंटला उपाशी ठेवायचं नाही, हे मी त्याच शिकाऊ पोरीकडून घोकून घेते. मी ज्याला भाव म्हणत होते, ती त्यांची शुगर उतरत होती!

धावत जाऊन मशीन आणलं, बोट टोचलं. शुगर चांगलीच खाली. पोरीला डॉक्टरांकडे पळवलं आणि ग्लुकोजचं पाणी अप्पांच्या ओठांना लावलं. एकेक घोट पाजत राहिले. इतक्या साध्या माणसाचं माझ्या हातून काही बरंवाईट झालं असतं तर?

डॉक्टर आले, तपासून झालं. हळूहळू अप्पांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. डोळे उघडून पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"माय, आता च्या चालंल का?"

सून आत आली होती. ती भीत भीत म्हणाली, "सिस्टर, मामा पूजा संध्याकाळी करतेत. सकाळी जनावरं आसतेत ना. शेण काढायचं, धारा काढायच्या. उटल्या उटल्या च्या लागतो त्यांला."

मला रडू की हसू कळेना. "अहो अप्पा, मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, दवाखान्याचा कायदा आसंल." अप्पा उपम्याचा घास गिळत म्हणाले. "आन् तुमी तर गरम पानी काय, बेल काय, येवढ्या मायेनं करू लागलाव. लेकीला न्हाई कसं म्हनावं?"

घ्या! मी त्यांचं मन जपतेय, ते माझं मन जपतायत, आणि या जपाजपीत माणूस हातचा जायची वेळ आली. एका शब्दानं विचारलं असतं तर भागत होतं. डॉक्टरांना मी खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं, ते चहासोबत सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी मात्र अप्पांना आधी विचारलं आणि मगच पडदा ओढला. काय शांत पूजा केली हो त्यांनी! हात जरासुद्धा हलला नाही.

दोन दिवसांनी समोरच्या खाटेवर किल्लारीचे एक काका आले. सकाळी त्यांनी चहाचा कप उचलला, तोच अप्पा खाटेवरून ओरडले, "आवो पाव्हणं, थांबा! दवाखाना लई चांगला हाय, पन ह्या सिस्टर देवाधर्माच्या लई कडक. पूजा झाल्याबिगर घोटभर च्या द्यायच्या न्हाईत. मी सवता पाला खाऊन सकाळ काढली!"

काकांनी घाबरून कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि हात जोडले.

आणि दारात इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी होते ती देवाधर्माची कडक मी! त्या दिवशी उशीर झाला म्हणून आंघोळ तर सोडाच, तोंडसुद्धा न धुता दोन कप चहा ढोसून आले होते.