चित्र आलं होतं

नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आईला तर नाहीच नाही. ही गोष्ट मी आजवर कोणापुढे काढलेली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आम्हा कोणाला ओळखत नाही. एवढंच कारण. दुसरं शोधू नका.

मी शिक्षिका आहे. वर्ध्याला पिपरी मेघेत राहते. आमच्या शाळेतल्या शिक्षकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर मधूनच कोणीतरी लहानपणच्या कार्टूनची धून टाकतं आणि मग सगळ्यांना एकदम भरतं येतं. शनिवारी सकाळची शाळा असायची, म्हणून आमच्या पिढीचं कार्टून रविवारचं. अंघोळ न करता टीव्हीपुढे बसणं, चहात बुडवलेले टोस्ट, लाइट गेली की झालेली रडारड... लिहिताना सगळ्यांची बोटं थांबत नाहीत. मी नुसता अंगठा टाकते. एकदा एका मॅडमनी विचारलं, तुम्ही नव्हता का पाहत? मी म्हटलं, आमच्याकडे टीव्ही फार उशिरा आला.

खोटं. नाचणगावात आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याच घरी आला.

बाबा पुलगावला एका ऑफिसात कारकून होते. टीव्ही साधाच, काळा-पांढरा, लाकडी शटरचा. अँटेना मागच्या नव्या खोलीच्या स्लॅबवर, अगदी कोपऱ्यात. त्या स्लॅबला कठडा नव्हता. बांधायचा राहून गेला होता, तसा तो पुढेही राहिलाच. अँटेनाची चपटी वायर खिडकीतून आत यायची आणि टीव्हीच्या मागे दोन स्क्रूंना अडकवलेली असायची. ही वायर लक्षात ठेवण्यासारखी आहे. मला तरी विसरता आलेली नाही.

वंदा आमच्याकडे आली तेव्हा मी चौथीत होते. वंदा म्हणजे माझी मावसबहीण, हिंगणीची. माझ्याहून वर्षाने मोठी, पण शाळेत माझ्याच वर्गात बसली. मावशी वारली होती आणि वंदाच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. ते शेती करायचे. आई म्हणाली, पोरगी हुशार आहे, माझ्याजवळ राहू द्या, मॅट्रिक होईस्तोवर मी बघते. ते लगेच हो म्हणाले.

हुशार होती, हे खरं. गणितात माझ्यापुढे होती. झाडावर चढायची, विहिरीत डोकावायची, कोणाशीही बोलायची. मला उंचीची भीती वाटायची, अजून वाटते. पण माझं बिनसलं ते गणितावरून नाही. आई रविवारी सकाळी तिच्या केसांना तेल लावायची, त्यावरून.

आधी ते माझं होतं. रविवारी मी आईच्या पुढ्यात बसायचे, समोर कार्टून, मागून तिची बोटं. आता आधी वंदा बसायची, नंतर मी. आई म्हणायची, तिचे केस लांब आहेत, गुंता फार होतो. खरंच होत होता. पण आई तिचा गुंता काढताना हळू काढायची, आणि माझा काढताना ओढायची — असं मला वाटायचं. तसं होतं का? आता कसं सांगू? मी तेव्हा दहा वर्षांची होते, आणि मोजून घेत होते.

पहिल्यांदा वायर आपोआप निघाली. खरंच आपोआप. पडद्यावर मुंग्या आल्या, आईने वंदाच्या पाठीवर थाप मारली.

"वंदे, जा बरं, अँटेना पाह्य जराशी."

ती अर्धी वेणी तशीच हातात धरून शिडीवर चढली. आई स्वयंपाकघरात गेली. मी टीव्हीच्या मागे वाकले, तर वायरचं एक टोक सुटून लोंबत होतं. मी ते स्क्रूला अडकवलं. चित्र आलं. वरून वंदा ओरडत होती, "आलं का वं, रेखे?"

मी आधी थोडं कार्टून पाहून घेतलं.

पुढच्या रविवारी मी वायर स्वतः काढली.

मग ती सवयच झाली. आई तिचे केस सोडायला लागली की मी काहीतरी निमित्त काढून टीव्हीच्या मागे जायचे. मुंग्या. वंदा वर. आई आत. मग मी वायर जोडायचे, आवाज अगदी बारीक करायचे, आणि कार्टून एकटी पाहायचे. मधून मधून खिडकीकडे तोंड करून ओरडायचं — नाई आलं! अजून फिरव! गेलं! थोडंसं आलं! — आणि शेवटचं गाणं लागलं की, आलं, उतर आता. तुम्ही विचाराल, यात तुला काय मिळायचं? आई काही माझे केस विंचरायला बसत नव्हती, ती पोळ्या लाटत असायची. मला काहीच मिळत नव्हतं. वंदा खोलीत नसायची, इतकंच.

तिला संशय कसा आला नाही? तिला वर आवडायचं. तिथून पुलगावच्या बाजूची आगगाडी दिसते म्हणायची. खाली आल्यावर ती मला गाडीचं सांगायची आणि मी तिला कार्टूनचं. तेवढ्या वाट्यावर ती खूश होती.

त्या दिवसांत अस्वलाच्या पिल्लाचं एक कार्टून लागायचं. पिल्लू लाकडाच्या पेटीत बसून नदीतून वाहत जातं, दर रविवारी वेगळ्या काठाला लागतं, आणि तिथल्या प्राण्यांना आपल्या आईचा पत्ता विचारतं. हिंदीत होतं. वंदा ते फार मन लावून ऐकायची — म्हणजे माझ्याकडून. मध्येच थांबवून विचारायची, मग त्या कासवानं काय सांगितलं? मी कधी खरं सांगायचे, कधी मनाने काहीतरी.

थंडीचे दिवस होते. त्या रविवारी शेवटचा भाग होता, आधीच सांगितलेलं होतं. वंदा सकाळपासून टीव्हीसमोर जागा धरून बसलेली. आईने तेलाची वाटी आणली. मी टीव्हीच्या मागे गेले.

का? सगळे रविवार माझेच होते. एक सोडायला काय हरकत होती? हा प्रश्न मी स्वतःला वेगवेगळ्या वयांत विचारला आहे. उत्तर कधी बदललं नाही. मला सोडायचा नव्हता.

मुंग्या आल्या तशी वंदा रडवेली झाली. "मावशी, आज मी नाई जात ना. आज शेवटचं हाये."

आई म्हणाली, "मग चित्राबिगर काय पाहाशीन? जा, पटकन फिरव अन् ये."

ती धावत गेली. शिडी चढल्याचा आवाज आला. आई उठून आत गेली. मी वायर जोडली. चित्र इतकं स्वच्छ क्वचितच यायचं. पिल्लाची पेटी एका वळणावर अडकली होती आणि पलीकडच्या काठावर, झाडांमध्ये, काहीतरी मोठं हलत होतं.

"आलं का?"

"नाई."

"आता?"

"नाई आलं. त्या बाजूनं धर, खांब वाकव."

ती बाजू म्हणजे काठाची बाजू. मला माहीत होतं का? मी स्लॅबवर कधी चढले नव्हते, पण खांब कुठे आहे ते अंगणातून रोज दिसत होतं. माहीत होतं म्हणा.

"रेखे, आता तरी आलं का वं?" — तिचा आवाज घाबराघुबरा झाला होता. खांबामुळे नाही, कार्टून संपत आलं म्हणून.

मी म्हटलं, नाई.

मग एक आवाज आला. धान्याचं पोतं बैलगाडीतून खाली टाकल्यावर येतो तसा.

आता मी जे सांगणार आहे, तिथपर्यंत यायला मला एवढा वेळ लागला. तो आवाज ऐकल्यावर मी सगळ्यात आधी टीव्ही बंद केला. बाहेर धावण्याआधी. आईला हाक मारण्याआधी. कोणी आत आलं तर स्वच्छ चित्र दिसेल, हे माझ्या डोक्यात आधी आलं. टीव्ही बंद केला, आणि मग मी "आई" म्हणून ओरडले.

वंदा अंगणात धुण्याच्या दगडाजवळ पडली होती. उजवा हात अंगाखाली. ती रडत होती, म्हणजे जिवंत होती. आई तिच्याजवळ बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काऊन पडली हे? काय झालं?"

मी म्हटलं, "मी तिले केव्हाची उतर म्हणून राह्यली. ते ऐकतच नाई."

वंदाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला स्वतःलाच वाटलं असेल की मी म्हटलं असेन आणि तिला वर ऐकू आलं नसेल. ती तशी होती. आधी स्वतःची चूक शोधणारी.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या कोपराचं ऑपरेशन झालं. हाड नीट बसलं नाही. मी बाबांबरोबर भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून होती. बाबा डॉक्टरांशी बोलायला गेले. ती जवळ सरकली आणि हळूच विचारलं, "सापडली का त्याची माय?"

सापडली होती. टीव्ही बंद करण्याआधी मी पाहिलं होतं — ती मोठी अस्वलीण पाण्यात उतरली होती.

मी म्हटलं, "नाई. तसंच संपलं."

वंदा म्हणाली, "बरं." आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

हे मी का केलं, तेही मला सांगता येत नाही. अंगणात आईशी खोटं बोलले ते एक वेळ भीतीने झालं म्हणता येईल. हे भीतीने नव्हतं.

पुढचं लवकर झालं. आईने हाय खाल्ली. बाबांना म्हणाली, "दुसऱ्याची पोर हाये. आज हात मोडला, उद्या अजून काही होईन. ऐकत नाई ते. तिच्या बापाले मी काय जबाब देऊ?" वंदाचे वडील आले. त्यांनी कोणालाच दोष दिला नाही. तिची पिशवी उचलली, आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "इथं राह्यली असती तं शिकली असती." मी दारात उभी होते. वंदाने डाव्या हाताने माझा गाल ओढला आणि म्हणाली, "येजो हिंगणीले." मी गेले नाही.

तिथे ती सातवीपर्यंत शिकली. मग घरी धाकटी भावंडं होती, त्यांना सांभाळायला ठेवून घेतली. मग लग्न. कोपर सरळ होत नाही, उजव्या हाताने भरलेली बादली तिला उचलत नाही. आमच्याकडे राहिली असती तर ती माझ्यासारखी शिक्षिका झाली असती, असं मी म्हणणार नाही. मला काय ठाऊक? तिचा नवरा चांगला आहे, मुलगी नर्सिंगला आहे, ती हसतमुख आहे. पण यातलं काहीही माझ्यामुळे झालेलं नाही. माझ्यामुळे झालं ते कोपर, आणि "ऐकत नाही" हे नाव. नातेवाइकांत ते तिला चिकटलं ते चिकटलंच. लग्नकार्यात कोणी ना कोणी काढायचंच, वंदी लहानपणी छतावरून पडली होती, कोणाचं ऐकायचीच नाही. सगळे हसायचे. तीही हसायची. मी वाढायला उठायचे.

मागच्या वर्षी आई गेली. शेवटचे काही महिने ती माझ्याकडेच अंथरुणावर होती. वंदा भेटायला आली. आईने तिला उशाशी बसवलं. मी बाजूला औषध घेऊन उभी होते, दुपारची वेळ, पंखा चालू. आईचा आवाज बारीक झाला होता, तरी प्रत्येक शब्द कळत होता.

"वंदे, म्या तुले वापस पाठवलं. तुही माय असती तं तिनं नसतं पाठवलं. मले माफ करजो."

वंदाने वाकड्या हाताने आईचं कपाळ चेपलं. म्हणाली, "काऊन असं बोलतं, मावशी? तुह्यं काई नाई चुकलं. माह्यंच चुकलं. मीच ऐकत नव्हती."

आई रडली. वंदाही रडली. दोघी एकमेकींची समजूत घालत होत्या. मी गोळी काढली, पाणी दिलं, उशी सरळ केली. त्या खोलीत तिसरं माणूस मी होते आणि मला एक वाक्य बोलायचं होतं. मोठं नव्हतं ते. लहान मुलालाही बोलता येईल एवढं.

मी विचारलं, चहा ठेवू का?

त्यानंतर आठवड्याभरात आई गेली, वंदाची माफी घेऊन. वंदा तेराव्यापर्यंत राहिली, सगळं केलं. निघताना मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. बस उशिरा आली. बसायला बाक होता, बोलायला वेळ होता, आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. ती मुलीच्या परीक्षेचं सांगत राहिली. मी ऐकत राहिले. बस लागली, मी तिची पिशवी वर चढवून दिली आणि घरी आले.