खड्ड्यातलं मीठ

जालन्याहून राजूरला जाताना रस्त्याला लागूनच एक पत्र्याचं शेड आहे. त्याखाली दोन गाड्या उभ्या राहतील एवढी फरशी आणि कडेला कपाटाएवढं पांढरं मशीन. बॅटरीवरच्या गाड्यांचं ते चार्जिंग स्टेशन मी उभं केलं. म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणून उभं केलं; जमीन दुसऱ्याची, मशीन कंपनीचं, घाम मजुरांचा. माझ्याकडे ओरडण्याचं काम होतं आणि ते मी चोख करतो, असं घरचेही सांगतील. एमआयडीसीतल्या मिलांमध्ये वायरी ओढण्यात माझी जवानी गेली, म्हणून हे नवीन काम आलं तेव्हा मला त्याचं काही नवल वाटलं नाही. करंट आणायचा कुठून आणि चुकला तर घालवायचा कुठं, एवढंच तर आमचं शास्त्र.

ती जागा कंपनीने शोधली नाही, जागेनेच कंपनीला शोधलं. एक म्हातारा तीनदा बसने जालन्याच्या ऑफिसात आला. पिढीजात मेंढपाळ माणूस. स्वतःची मेंढरं विकून आता कापूस-सोयाबीन करायचा, पण मेहुण्यांचे कळप अजून फिरत होते. त्याची रस्त्याकडेची जमीन द्यायची तयारी होती, मात्र अट एकच. स्टेशनवर बसायला माणूस लागणार, ती जागा त्याच्या सुनेला मिळावी. सून आयटीआयला वायरमन ट्रेड पास होती. काम करायचं तर एमआयडीसीत, म्हणजे तांबडं फुटायच्या आत टेम्पोत चढायचं आणि तीन वर्षांची पोर घरी टाकायची.

"इथंच बसंल ती," म्हातारा म्हणायचा. "लेकरू डोळ्यापुढं राहील, शिक्षणबी वाया जाणार न्हाई. मला दुसरं काय नको."

कंपनीने तसं लिहून दिलं. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला जी गर्दी होते ती बघून साहेब लोकांनाही जागा पसंत पडली.

काम चालू असताना येणारा-जाणारा थांबायचा. हे पेट्रोल पंपाचं चाललंय का, इथं मोबाईल चार्ज होईल का, पिठाची गिरणी का नाही टाकत, असले सवाल. एकाने विचारलं, गाडीला करंट दिल्यावर आत बसलेल्याला झटका बसत नाही का? मी म्हटलं, बसतो, म्हणून तर पहिल्यांदा सासुरवाडीची माणसं बसवायची. तो खरंच विचारात पडला.

सून रोज यायची. पोरीला कडेवर घेऊन उभी राहायची, कोणती केबल कुठं जाते ते बघायची आणि फार बोलायची नाही. एकदा एका मजुराने वायरीचं टोक उलटं बसवलं, ते तिने मला हळूच दाखवलं. मी मजुराला झापलं, तिला शाबास म्हणायचं मात्र राहून गेलं. माझ्या तोंडात शिव्या तयार असतात, बाकीचं शोधावं लागतं.

आता अर्थिंगचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यातच अडकली आहे. मशीनमध्ये बिघाड झाला तर करंट माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, यासाठी पुरुषभर खोल खड्डा घेतात. त्यात लोखंडी पाइप उभा करतात आणि भोवती कोळसा आणि जाडं मीठ, एकावर एक थर देतात. मीठ ओल धरून ठेवतं. वरून रोज पाणी टाकायचं. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, तेव्हा मिठाशिवाय पाणी टिकत नाही. हे जर बराबर नसेल तर मशीन स्वतःच काम नाकारतं. तांबडा दिवा लावून गप्प बसतं.

खड्डा भरायच्या दिवशी जाफराबादला माझ्या साडूच्या मुलीचा साखरपुडा होता. कोळसा येऊन पडला होता, मिठाची पोती आली होती, थर कसे द्यायचे ते मी मजुरांना सांगून ठेवलं होतं. म्हातारा म्हणाला, "जा की साहेब बिनघोर. मी हाये ना." मी गेलो. जिलेबी खाल्ली, दुपारी तिथंच आडवा झालो. संध्याकाळी परत आलो तर खड्डा भरून वर विटांचा चौकोनही बांधून झालेला. कागदावर ओळ होती: भरणी माझ्या समक्ष झाली. खाली मी सही केली. अशा सह्या मी आयुष्यात इतक्या केल्यात की त्या दिवशी हाताला काही वेगळं जाणवलं नाही.

ते दिवस हिवाळ्याचे होते, जमिनीत ओल होती. तपासणीत रीडिंग चांगलं आलं, स्टेशन चालू झालं. सून मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. कोणाची गाडी आली, किती वेळ लागली, खड्ड्यात दोन बादल्या पाणी किती वाजता टाकलं, सगळं वहीत लिहायची. अक्षर छापल्यासारखं. पोर शेडच्या सावलीत खेळायची आणि म्हातारा लिंबाखाली बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा की मशीन आमच्या सूनबाईंच्या हाताखाली आहे.

मग ऊन तापलं. एका अंगारकीला गाड्यांची रांग लागलेली आणि मशीनने तांबडा दिवा लावला. मी पोचलो तेव्हा एक कुटुंब प्रसादाचा नारळ घेऊन फरशीवर बसलं होतं आणि त्यातला कर्ता पुरुष फोनवर कोणाला तरी फार वाईट बोलत होता. मी मीटर लावलं. अर्थिंगचं रीडिंग कुठल्या कुठं गेलेलं. वरून साहेबांचा फोन आला: संध्याकाळपर्यंत कारण लेखी पाहिजे.

माझं डोकं फिरलेलं होतं. मी सुनेला म्हणालो, "पाणी टाकलेलं नाहीये."

"टाकलंय," ती म्हणाली, आणि वही पुढं केली.

"वही काय, घरी बसूनपण भरता येते."

रांगेतली दहा माणसं ऐकत होती. तिने वही मिटली, एकदा सासऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हातारा लिंबाखाली मान खाली घालून काडीने माती उकरत होता. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं की देखरेखीला ठेवलेली व्यक्ती नेमाने पाणी टाकत नाही. चार दिवसांत कंपनीने तिला कमी केलं आणि भोकरदनकडचा एक माणूस बसवला. दिलेल्या शब्दाचं काय, असं म्हाताऱ्याने विचारलं असतं तर कंपनीने माझा कागद दाखवला असता. पण त्याने विचारलं नाही. तिने एमआयडीसीत एका बियाण्याच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सला काम धरलं आणि टेम्पोने जाऊ लागली. मला तेव्हा वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगू, नाही वाटलं. काम न करणाऱ्याची गय करायची नाही, असा मी माझ्या मनाशी फुशारलो होतो.

नव्या माणसाला मी ताकीद देऊन ठेवली. त्याने पंधरा दिवस पाणी ओतलं, दोन बादल्यांच्या चार केल्या. एकदा मी स्वतः उभा राहून ओतायला लावलं. रीडिंग तसूभर हललं नाही. मी मजूर लावले आणि भरणी उकरली. वर थोडंसं मीठ. त्याखाली कोळसा, मग काळी माती, पुन्हा कोळसा, पुन्हा माती. पार तळापर्यंत मिठाचा खडा नाही.

म्हातारा काठावर उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "एकच पोतं टाकल्तं साहेब. बाकीचं मेंढरांनी खाल्लं."

मला कळेना. त्याने शांतपणे सांगितलं. खड्डा भरायच्या दिवशीच मेहुण्यांचा कळप रानात बसायला आल्ता. दरसाल येतो, चार राती मेंढरं शेतात बसवतात, लेंडीचं खत होतं. मेंढरांना मीठ लागतं. मीठ मिळालं की जनावर पाणी पितं, अंगी लागतं. आणि इथं पोतीच्या पोती मीठ खड्ड्यात गाडून राह्यले. जमिनीचा मालक म्हणून मजुरांनी त्याचं ऐकलं आणि मिठाच्या जागी माती टाकली.

"मातीला काय मिठाची चव कळती का?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्यात पूजेला टाकतेत तसं टाकत असतील. एक पोतं म्हणजे मान झाला. मुकं जनावर समोर उभं असताना बाकीचं कसं गाडायचं?"

त्याच्यात लबाडी नव्हती. त्याच्या घरात शंभर वर्षं मीठ कोणासाठी असतं ते ठरलेलं होतं, आणि मीठ कशाला लागतं हे समजावून सांगणारा माणूस जाफराबादला जिलेबी खात होता.

"त्या दिवशी का बोलला नाहीत, बाबा? सुनेला काढलं तेव्हा?"

"मला कुठं ठावं, मीठ नसलं की मशीन बंद पडतं? तुम्ही पाणी म्हणले. मी म्हणलो, पोरगी चुकली असंल." मग म्हणाला, "थोडी शंका आल्ती. खोटं न्हाई बोलत. पण लाज वाटली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्या हस्ताक्षरात दिलेलं होतं. त्याच आठवड्यात मी कंपनीला खरं काय ते लिहिलं: मी हजर नव्हतो, सही खोटी होती, बाईंनी पाणी टाकलं होतं. त्या पत्राने मला दोन कामांवरून उतरवलं, ते उतरवायलाच पाहिजे होतं. खड्डा नव्याने भरला. साहेब म्हणाले, भोकरदनच्या माणसाला दुसरीकडे पाठवू, बाईंना परत बोलवा, आणि जाऊन सांगायचं काम माझ्याकडे दिलं.

तिच्या सुट्टीचा दिवस बघून मी घरी गेलो. पोर ओसरीवर झोपली होती. म्हातारा मला आत घेऊन आला आणि स्वतः दारातच बसला. तिने चहा दिला. मी सांगायला लागलो तशी ती म्हणाली, "मिठाचं मला माहीत व्हतं."

मी कप खाली ठेवला.

"रानातून बघितल्तं मी. तव्हाच मामांना म्हणले, हे बराबर न्हाई, साहेबांना सांगा. नंतर स्टेशनवरच्या फायलीत कागद बघितला. भरणी समक्ष झाली, खाली तुमची सही. मला वाटलं, तुम्हाला समदं माहीत हाये. तुमच्या परवानगीनंच झालं असंल, दुसरी काही सोय केली असंल."

"मग त्या दिवशी मी पाण्याचं बोललो तेव्हा?"

"तव्हा कळलं ना. म्हणलं, साहेब जाणूनबुजून माझ्यावर ढकलून राह्यले. मंग दहा माणसांत सासऱ्याचं नाव घ्यायचं, का तुमचं घ्यायचं? गप बसले."

म्हणजे त्या दिवसापासून ती मला बदमाश समजत होती. मी घाईघाईने सांगितलं की मी त्या दिवशी तिथं नव्हतोच, मला काहीच माहीत नव्हतं. सांगताना वाटत होतं, यानं आपली बाजू जरा उजळेल. ती ऐकत राहिली. तिच्या तोंडावर काही बदललं नाही. बदमाश नाही तर बेफिकीर, यात तिच्या हिशेबी फार अंतर नसावं, आणि आता मलाही ते सापडत नाही.

मी माफी मागितली. अशी सरळ मागितलेली ती माझी पहिलीच. मग म्हणालो, "ताई, जागा तुमचीच आहे. उद्यापासून या."

दारातून म्हातारा म्हणाला, "जा ना बाई. लेकरू डोळ्यापुढं राहील."

तिने माझा अर्धा राहिलेला कप उचलला. "तिथं प्लांटात मशीन बंद पडलं ना साहेब, तर आधी मशीन उघडून बघतेत," ती म्हणाली. "माणसाला नंतर बोलतेत."

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोने एमआयडीसीत गेली. दिलेला शब्द राहावा म्हणून स्टेशनवरची खुर्ची कंपनीने मग म्हाताऱ्यालाच दिली.