माझा रिपोर्ट मला सांगा

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा, मी मुलाशी बोलतो," बीडच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर म्हणाले, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. पोट माझं, सुया मला टोचल्या, आणि निकाल पोराला! मी खुर्ची सोडली नाही. म्हणलं, "जे हाय ते माज्यासमोर बोला. दिंद्रुडच्या शाळेत जन्मभर पोरं शिकवलीत मी."

"आई, कावून हट्ट करतीस?" राहुल, माझा मुलगा, कपाळाला हात लावून बसला.

मेटास्टॅटिक कॅन्सर. म्हणजे स्वादुपिंडातली गाठ यकृतापर्यंत पसरलेली. ऑपरेशन होणार नाही. केमोनं थोडे महिने वाढले तर वाढतील, असं डॉक्टर म्हणाले.

हा हट्ट मला एका डॉक्टरबाईंनी शिकवला. राहुलचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरनं आजारी होते, तेव्हा साऱ्या भावकीनं त्यांना सांगितलं, "टीबी हाय, बरा होईल." आपल्याकडची रीतच ती. ज्याचं दुखणं त्याला सोडून गावाला ठाऊक! पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार हटत नसला तरी वेदना आवरायची देखभाल, आमच्या भागात ह्याच बाईंनी सुरू केली. लोक तोंडावर त्यांना 'मरणाची डॉक्टरीण' म्हणायचे. त्या चप्पल काढून थेट ह्यांच्या खाटेवर बसल्या. "तुम्हाला काय ठाऊक आहे?" असं त्यांनी विचारलं. माझे दीर म्हणाले, "बाई, बाहेर चला." बाई हलल्या नाहीत. हे म्हणाले, "समदं ठाव हाय मला. ह्यान्ला वाईट वाटंल म्हणून गप हाय." त्यानंतर जाईपर्यंत हे आमच्याशी पोटभर बोलले.

बाई आता नाहीत. पण त्यांचा प्रश्न माझ्याकडं आहे.

मला केमो नको होतं. मला घर पाहिजे होतं आणि लेकाशी खरं बोलणं. लेक मात्र मोठ्या दवाखान्यांची चौकशी करत फोनला चिकटलेला. पाहुणे येऊन सांगायचे, "आठ दिवसांत ठणठणीत व्हताव." मी म्हणायची, "व्हय, मग कबड्डी खेळू."

एका दुपारी राहुल म्हणाला, "उद्या केमोला पुण्याला जायाचं. गाडी सांगितली."

माझं डोकंच फिरलं. "चप्पल काढ. हितं खाटंवर बस. तुला काय ठाव हाय ते सांग."

तो चप्पल काढून बसला. म्हणाला, "तू ऱ्हात न्हाईस." आणि लहान पोरासारखा रडला.

"आता मला इचार, मला काय पाहिजे."

त्यानं विचारलं. म्हणलं, "गाडी नको म्हण. आन् मटणाचा रस्सा कर. पथ्य गेलं खड्ड्यात!"

मॉर्फिन, म्हणजे जहाल वेदनेवरचं औषध, त्याच तरुण डॉक्टरांनी सुरू करून दिलं. त्यांचे आभार. बाईंचे तर किती मानू! आणि तुमच्यापैकी कुणाला असं बाहेर बसायला सांगितलं, तर बिलकूल उठू नका.

राहुल आता रोज खाटेवर बसतो. काल त्यानं विचारलं, "आई, भ्या वाटतंय का?"

"वाटतंय की. तुला?"

"लई."

मग आम्ही दोघांनी एकाच ताटात रस्सा खाल्ला. मला दोनच घास गेले, पण तिखट होते.