डाव्या बाजूचे तीन पाटे

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. मी कारंज्याच्या कापूस बाजारातला मापारी. काट्यावर दिसेल ते वजन मोठ्यानं पुकारायचं, एवढंच मला ठाऊक. एकदाच पुकारलं नाही... ते आज लिहितो.

लढाईच्या दिवसांत एका अडत्याच्या विधवेकडून जुनी मोटार घेतली. मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, कोणीतरी तीन पाटे जास्तीचे घातले होते, उजवीकडे मूळचेच. तरी गाडी अगदी समतोल उभी! मला ते खटकलं, म्हणून मिस्त्रीकडून ते काढून घेतले. तशी रिकामी गाडी डावीकडे बसली.

मिस्त्रीनं खाली शिरून सगळं तपासलं. चासी सरळ, कमान शाबूत.

"मापारी, मांगच्या सीटवर कोणी बसून राह्यलं का? उतरवा त्याले, भाडं बी देत नसन!"

आम्ही हसलो. तरी मी गाडी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातल्या बैलगाड्यांच्या काट्यावर नेली. आधी डावी चाकं चढवली, मग उजवी. डावीकडे पावणेदोन मण जास्त. तीनदा पाहिलं. पावणेदोन मण — म्हणजे एक माणूस. हंगाम संपलेला, जवळ कोणी नव्हतं. मी पुकारलं नाही.

पाटे परत बसवले आणि गाडी धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, नवऱ्याला, धनजच्या वसंतरावांना विकली. त्यांनी वाकून पाहिलं.

"दादा, एकाच बाजूले इतके पाटे काहून?"

"पहिल्या मालकाची हौस."

"मंग काढून टाकतो. माह्या हाडायचा खुळखुळा कायले करू?"

मी पैसे मोजून खिशात घातले. गाडी एकदाची दारातून जाऊ दे, एवढंच मनात होतं.

आठव्या दिवशी भर दुपारी, सरळ कोरड्या रस्त्यावर, गाडी डावीकडे कलंडून नाल्यात गेली. वसंतराव एकटेच होते. जागीच गेले.

बैल लावून गाडी कारंज्याला आणली; जास्तीचे पाटे तिच्यात नव्हते. मी ती पुन्हा काट्यावर घेतली. डावीकडे साडेतीन मण जास्त. पुढे मिस्त्रीनं ती सुटी केली, तेव्हा एकेक भाग तोलला... दोन्ही बाजू सारख्या भरल्या.

याचा उलगडा मला अजून झालेला नाही. धनजला म्हणतात, वसंतरावांना मोटार चालवता येत नव्हती. बहीण दर भाऊबीजेला म्हणते, "दादा, त्यायले मोटारीचा नाद मीच लावला."

सुमन, त्यांना उत्तम चालवता येत होती. डावीकडे पावणेदोन मण जास्त होते. मला माहीत होतं.