बुनसूनताईच्या शेजारची जागा

बोटीवर बुनसूनताईला वचकून नसे असं कुणी नव्हतं. खलाशी तिला वाट देत, स्वयंपाकघरातला माणूस न मागता गरम पाणी आणून देई, आणि मी, यांगजा, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिच्यापुढे तोंड उघडायची ते शिव्या खायच्या तयारीनंच. आम्ही बोचकेवाल्या बायका. संध्याकाळी कोरियातल्या बुसानला बोटीत चढायचं, सकाळी जपानात शिमोनोसेकीला उतरायचं, तिथे तिखट, तिळाचं तेल, वाळवलेली मासळी विकायची, राईस कुकर आणि थर्मास घ्यायचे आणि त्याच संध्याकाळी परत. आयुष्यात मी नवऱ्याशेजारी जेवढ्या रात्री काढल्या नसतील तेवढ्या ताईशेजारी काढल्या, आणि ताई घोरायचीही जास्त.

खालच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत सगळ्यांनी जमिनीवरच पसरायचं. एक ठोकळ्याएवढी उशी, एक कांबळं, आणि शेजारी कोण येईल ते आपलं नशीब. ताईची जागा खिडकीकडच्या भिंतीशी ठरलेली. तिथे बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेरायची. माणशी ठरावीक वजनच नेता येतं, म्हणून आमचा जादा माल नेहमी परक्यांच्या हातून उतरायचा.

"ए नवी नवरी, इकडे ये. हात मोकळेच दिसतायत तुझे. उद्या हे एवढं पोतडं तू धर."

"पण आजी, यात आहे काय?"

"बॉम्ब आहे! तिखट आहे गं बाई, दुसरं काय असणार? नवऱ्याकडे काय बघतेस, त्याला काय कळतंय? जेवलात का दोघं? बसा. यांगजा, किमचीचा डबा काढ."

असं बोलून बोलून ती माणसाला अर्धमेलं करायची आणि मग पोटभर जेवायला घालायची. नवरा दारूनं गेला, तीन पोरं तिनं या बोटीवर वाढवली. रडलेली मी तिला पाहिली नव्हती.

एका वर्षी शरदात ती शिमोनोसेकीच्या धक्क्यावर आली ती पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक चौकोनी खोकं छातीशी धरून. बोचकी मागे हातगाडीवर टाकलेली. बोचकी अशी दुसऱ्याच्या भरवशावर सोडणारी ती बाई नव्हे. मी पुढे झाले.

"कोण गं ताई?"

"मानसू," ती म्हणाली. "परवा दुकानातच पडला. बाजारातल्यांनी मिळून जाळलं. कागदपत्रं आहेत, घाबरू नकोस."

प्यो मानसूला आम्ही सगळ्याच ओळखत होतो. बाजारामागच्या गल्लीत आतडी भाजून विकायचा. युद्धाच्या काळात, सतराव्या वर्षी, जपान्यांनी त्याला धरून इकडच्या कोळशाच्या खाणीत आणलं, तो पुन्हा घरी गेलाच नाही. आधी पैसे नव्हते, मग परवाना मिळेना, मग आई गेली, मग तोंड दाखवायची लाज. मागे होता एक धाकटा भाऊ मानगिल, तिकडे कोरियात मिर्यांगजवळच्या खेड्यात. ताईकडून तिखट घेताना मानसू दर वेळी म्हणायचा, "मी मेलो की मला मानगिलकडे दे. दुसऱ्या कुणाला नको."

त्या रात्री खोलीत कटकट झालीच. एक जाडा व्यापारी कांबळं उचलून म्हणाला, "मढ्याशेजारी मी झोपणार नाही. ते खाली सामानात ठेवा."

"तू सामानात जाऊन झोप," ताई म्हणाली. "त्यानं तिकिटाएवढं सोसलंय. आणि तुझ्यासारखं घोरणार तरी नाही."

लोक हसले. व्यापारी चडफडत दुसऱ्या कोपऱ्यात गेला. ताईनं खोकं आपल्या आणि भिंतीच्या मधे ठेवलं आणि त्यावर कांबळ्याचं टोक ओढलं. मी तिला हळूच विचारलं की तिची एवढी का तंतरली आहे. भाऊ आहे, नेऊन दिलं की सुटलीस.

"सुटले कसली," ती म्हणाली. मग तिनं जे सांगितलं ते इतकी वर्षं माझ्यापासूनही लपवलं होतं.

वीस वर्षांमागे मानसूनं धाकट्यासाठी एक रेडिओ दिला होता. तो तिनं स्वतः खेड्यात नेऊन त्याच्या हातात ठेवला. महिन्याभरात साध्या कपड्यातले पोलीस आले. जपानातला भाऊ उत्तर कोरियाचा माणूस का, रेडिओवर कुठली स्टेशनं ऐकतोस, काय निरोप येतात. धाकट्याला घेऊन गेले. तो आत सारखं एकच म्हणत राहिला, मला भाऊ नाही, मला भाऊ नाही. परत आला तेव्हा डावा पाय कायमचा अधू झालेला होता. पुढच्या वर्षी ताई कापड घेऊन गेली तेव्हा शेजारणीनं तिला गल्लीच्या तोंडाशीच हे सगळं सांगितलं. ती तिथूनच मागे फिरली.

"आणि मानसूला?"

"मानसूला काय सांगणार? दर खेपेला विचारायचा, रेडिओ वाजतो का गं अजून? मी म्हणायची, वाजतो. अगदी खणखणीत."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर त्या खेड्यात गेले. एकटीला पाठवायला माझं मन धजेना. परसात म्हातारा झालेला मानगिल पर्सिमनची फळं सोलून दोऱ्याला टांगत होता. ताईकडे बघताच त्याचा हात थांबला. वीस वर्षांत ती जाड झाली होती, केस पिकले होते, पण त्यानं तिला ओळखलं.

"ह्या खेपेला काय आणलंस?" तो म्हणाला.

 ताईनं नुसतं खोकं पुढे धरलं. म्हातारा काठीवर भार देऊन उठला. त्यानं पांढरं फडकं पाहिलं, गाठ पाहिली, पण हात लावला नाही.

"मला भाऊ नाही."

"त्याला तुमच्या पायाचं माहीत नव्हतं हो," ताई घाईघाईनं म्हणाली. "मी सांगितलंच नाही. रेडिओ वाजतो, असंच सांगत आले. तेवढ्याच आनंदात गेला बिचारा."

म्हातारा आत गेला. दार लावलं. ताई बंद दाराशीच बोलली, "सोमवार, बुधवार, शुक्रवार मी संध्याकाळच्या बोटीवर असते. हा माझ्याबरोबर असेल!"

मी तिला वाटेत खूप समजावलं. तिच्या सुनेला परक्याची हाडं घरात चालणार नाहीत हे उघडच होतं, पण देवळं आहेत, भिक्षू ठेवून घेतात.

"देवळात ठेवला की मी विसरेन," ती म्हणाली. "ओझं हातात असलं म्हणजे आठवण राहते."

मग सगळा हिवाळा मानसू आमच्याबरोबर ये-जा करत राहिला. कस्टमवाले ओळखू लागले, कागद बघायचेसुद्धा थांबले. खोलीतले नेहमीचे लोक सरावले. नव्या माणसानं भिंतीशी पथारी टाकली की कुणीतरी म्हणायचं, "अहो, तिथे माणूस आहे." एकदा एका जपानी बाईनं खोक्यापुढे संत्रं ठेवलं आणि हात जोडले. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ताईनं अर्धं संत्रं तिलाच सोलून दिलं. ताई मात्र वाळत चालली होती. मालाच्या भावावरून भांडायचीही नाही. मला तिची भीती वाटायची ती आता काळजी वाटू लागली.

वसंतात एका शुक्रवारी बोट सुटायच्या जरा आधी खोलीच्या दारात मानसूचा भाऊ उभा. अंगावर एकुलता एक सूट, हातात काठी. पासपोर्ट काढायचा म्हणजे पुन्हा सरकारी माणसांसमोर बसून जपानला कशाला जातोस याचं उत्तर द्यायचं. त्या म्हाताऱ्यानं ते केलं होतं. पायातले बूट काढायला त्याला वेळ लागला. 

"कुठे आहे?" त्यानं विचारलं.

ताईनं आपलं कांबळं गोळा केलं आणि सरकली. तिची भिंतीकडची जागा तिनं त्याआधी कुणाला दिली नव्हती. म्हातारा खोक्याशेजारी आडवा झाला, पाठ आमच्याकडे करून. दिवे मालवल्यावर तो पुटपुटू लागला. आधी शिव्याच. गाढवा, एवढं शहाणपण होतं तर रेडिओ कशाला पाठवलास, स्वतः यायचं होतंस. आई शेवटपर्यंत तुझं ताट वाढायची. मग पाय कसा दुखतो ते. मग मुलांची नावं, नातवंडांची नावं, कोण काय करतं ते. ताई डोक्यावरून कांबळं घेऊन पडली होती आणि कांबळं हलत होतं. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

सकाळी शिमोनोसेकीला त्यानं मानसूचं दुकान बघितलं. तिथे आता कुणीतरी बूट विकत होतं. तो समोरच्या पायरीवर खोकं मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. ताईनं त्याला कोबीचं सूप आणून दिलं, ते त्यानं मुकाट्यानं संपवलं. संध्याकाळी आम्ही परत बोटीत चढलो.

बुसानला उतरताना ताईनं सवयीनं हात पुढे केला. म्हाताऱ्यानं खोकं दिलं नाही. तो काठी आणि खोकं सांभाळत रांगेत उभा राहिला. कस्टमच्या टेबलापाशी नेमका नवा अधिकारी होता, कोवळा, कडक इस्त्रीचा गणवेश घातलेला.

"आजोबा, खोक्यात काय आहे?"

गणवेश बघून म्हातारा ताठ झाला. डाव्या पायावरचा भार त्यानं काठीवर घेतला, मला पाठीमागून दिसत होतं. ताई कागद काढून पुढे सरसावली, "साहेब, मी सांगते, ते असं..." म्हाताऱ्यानं तिचा हात बाजूला केला.

"माझा भाऊ आहे," तो म्हणाला. "थोरला. प्यो मानसू. घरी घेऊन चाललोय."

पोरगा गडबडला. त्यानं मान लववली आणि वाट मोकळी केली. "जा आजोबा, जा."

म्हातारा हलेना. मागे रांग खोळंबली, कुणीतरी बोचकं ढकललं, तरी हलेना.

"नुसतं जा म्हणू नका," तो म्हणाला. "लिहून घ्या. मला भाऊ आहे."