मेन स्विचपाशी

गल्ली त्यांना फ्यूजकाका म्हणायची. वायरमन माणूस, पण विजेला मनापासून घाबरायचा. तरुणपणी सोबतचा एक जण खांबावर चिकटलेला त्यांनी पाहिला होता. तेव्हापासून मेन बंद केल्याशिवाय ते साधा बल्बही बदलत नसत.

आणि आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, काकूंना शॉक द्यायचा.

काकू शिवणकाम करायच्या. तोंडाने फटकळ. पण हिवाळ्यापासून मशीनवरचं कापड अर्धवट पडून होतं. काकू पलंगावर पडून नुसत्या पंख्याकडे बघायच्या. गोळ्या बदलून झाल्या. आता तर पाणीही घशाखाली उतरेना. शॉकचं विचारल्यावर त्यांनी फक्त मान डोलावली.

"करंट काय करतो ते मला नका शिकवू," काका म्हणाले.

"करंट फक्त किल्ली फिरवतो, काका. पुढचं काम मेंदू स्वतःच करतो. त्या झोपेत असतील. या, डोळ्यांनी बघा."

दवाखान्यातल्या शॉकच्या खोलीत गेल्या गेल्या काकांनी मेन स्विच हेरला आणि त्याच्यापाशीच उभे राहिले. काकूंना भूल दिली. उजव्या घोट्यावर पट्टा आवळला. "अंग सैल पाडायचं औषध त्या पावलात जायला नको," नर्स म्हणाली, "मेंदूत काय चाललंय ते पाऊल सांगतं." डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं.

काकांचा हात वर गेला. तिथेच थांबला.

काकूंचं अंग जागचं हललं नाही. फक्त उजवं पाऊल हलत होतं, मशीन चालवताना हलायचं तसंच. मग तेही शांत झालं. उभ्या जन्मात विजेला इतकं हळू बोलताना काकांनी ऐकलं नव्हतं.

"एवढंच?" ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

अशा बऱ्याच खेपा झाल्या. काकू दूध घेऊ लागल्या, मग चार घास. मधले काही आठवडे मात्र त्यांना आठवेनात. एका सकाळी पलंगावरून आवाज आला, "अहो, हा पंखा कुरकुरतोय. वायरमनच्या घरात शोभतं का?"

पंखा कित्येक महिने कुरकुरत होता. काकू त्याच्याखालीच पडून होत्या.

"बघतो, बघतो." काका धडपडत स्टुलावर चढले. डोळ्यांपुढे सगळं धूसर. त्यांनी वायरकडे हात नेला.

"आधी मेन बंद करा," काकू उठून बसल्या होत्या. "मरायचंय का?"

काका खाली उतरले. मेन बंद केला. आणि तिथेच उभे राहिले, पुन्हा चढायचं त्यांना सुचेना.