घरची जुडी

सोप्पक्का भाजीचा भाव आधी सांगत नसे, आधी पाणी सांगे. जुडीतला एक देठ मोडायची, पुढच्या दातांनी चावायची, बाजूला थुंकायची आणि म्हणायची, "ही बोअरची." किंवा, "ही केरेची." केरे म्हणजे तलाव. आमच्या बेंगळुरूच्या तलावांत काय काय येऊन मिळतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. कधी ती नुसतं नाक वाकडं करून "मोरी" म्हणे. मग भाव. मोरीचा आणि केरेचा माल सगळ्यांत स्वस्त आणि दिसायला सगळ्यांत देखणा. तळहाताएवढी पानं, जाड देठ, भोक म्हणून कुठं नाही.

शिवाजीनगरला बस स्टँडच्या मागे, कायम बंद असलेल्या एका दुकानाच्या पायरीवर ती बसायची. सोप्पू म्हणजे पालेभाजी, म्हणून सोप्पक्का. खरं नाव मला वीस वर्षांत कळलं नाही. तिनंही माझं कधी विचारलं नाही. मी तिचा मेसअण्णा. ती गेल्यापासून त्या गल्लीत सगळे तिच्याबद्दल हळव्या आवाजात बोलतात. मला ते जमत नाही. तिच्यामुळे माझं नुकसान झालं आहे, आणि ते मी विसरलेलो नाही.

मी निपाणीकडचा. इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. तिथल्या पोरांना धड जेवण मिळत नाही हे बघून बायकोच्या हातचे डबे न्यायला लागलो, डब्यांची मेस झाली. कुणी हात दिला नाही, मी कुणाकडे मागितला नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. पहिल्याच दिवशी सोप्पक्काशी माझ्या उत्तरेकडच्या कन्नडमध्ये भांडलो. ती हसली. मी मराठीत पुटपुटलो, "थेरडी लुटायला बसली आहे."

"थेरडी म्हण," ती मराठीत म्हणाली, "भाव तोच."

तिचं घराणं मराठी, पण इथं येऊन तीन-चारशे वर्षं झालेलं. निम्मे शब्द कन्नड. "आमची माणसं कुठल्याशा राजाच्या फौजेबरोबर आली म्हणे," ती सांगायची. "घोडे मेले, तलवारी विकल्या, शेपू राहिला."

भांडल्याशिवाय आमचा व्यवहार झाला असा दिवस आठवत नाही. मी म्हणायचो, "अक्का, जुडीमागं दोन रुपये कमी कर." ती म्हणायची, "करते की. तूही आमटीत दोन तांबे पाणी कमी कर." माझा आवाज चढला की ती शेजारच्या केळीवाल्याला विचारायची, "आज अण्णाच्या रागाचा काय भाव निघाला?" केळीवाला म्हणायचा, "स्वल्प उतरलाय." आणि मी आणखी भडकायचो. शेवटी रोज तेच मागायचो, जे सगळ्यांत स्वस्त असेल ते. ती देठ चावून पाणी सांगायची. मी म्हणायचो, "पाणी राहू दे, जुड्या मोज." ती म्हणायची, "सरी," म्हणजे बरं, आणि मोजायची.

माझी मुलगी झाली त्या वर्षी तिनं विचारलं, "ही भाजी घरीपण खाता काय?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी गोणपाटाखालून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक लहानशी जुडी काढली. पानं बारीक, भोकं पडलेली, मुळांना तांबडी माती. होसकोटेच्या रस्त्यावर तिच्या घरामागं चार गुंठे होते आणि जुनी विहीर होती. तिथली ही भाजी. ती विकायला नसायची. स्वतःच्या घरी, लेकीकडे आणि दोन-चार घरं, एवढ्यांनाच जायची.

"ही घरची, ही धंद्याची," ती म्हणाली. "मिसळू नको."

घरच्या जुडीचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत. माझ्या बायकोला ती तंगी म्हणायची, धाकटी बहीण. "तंगीला दे, पोरीला मऊ भातात कालवून घाल म्हणावं." माझी मुलगी त्या भाजीवर वाढली. मेसमध्ये रोज दीडशे माणसं जेवायची, ती दुसऱ्या भाजीवर. सोप्पक्कानं त्या दोन जुड्या कधी मिसळल्या नाहीत. मीही नाही.

आम्हा दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे इथं कबूल करतो. घर वेगळं आणि धंदा वेगळा, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग महादेवपुरातल्या एका कंपनीच्या कँटीनचं काम माझ्याकडे येऊ लागलं. चारशे ताटं, दोन्ही वेळ. मी त्याच्या जोरावर मोठी शेड भाड्यानं घेतली, दोन आचारी ठेवले. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी उडी होती. कंपनीची एकच हौस होती. भाजी जवळपासच्या शेतातून थेट ताटात आली पाहिजे, आणि तसा बोर्ड कँटीनमध्ये लावायचा होता. जेवणाचं बघणारी मॅडम पुण्याची होती, वयानं लहान, बोलायला गोड. सही करण्याआधी ती म्हणाली, "काका, भाजी कुठून येते ते मला एकदा बघायचंय."

मी दुसरीकडे नेऊ शकलो असतो. पण मी हिशेबी माणूस. म्हटलं, म्हातारी मराठी बोलते, तांबड्या मातीचे हात आहेत, नऊवारीसारखं लुगडं नेसते. यापेक्षा चांगला बोर्ड कुठला? आदल्या दिवशी अक्काला बजावलं, "पाणीबिणी काढू नको. शेतातली आहे म्हण."

"शेतातलीच की," ती म्हणाली. "आकाशातनं पडली काय?"

मॅडम आली. मोबाइलवर फोटो काढले. वातावरण जरा सैल व्हावं म्हणून, आणि कुणालाही पाहुणा न ठेवता नातेवाईक करून टाकायची माझी धंद्याची सवय म्हणून, मी म्हणालो, "अक्का, परकी नाही हो. आपलीच पोर आहे. माझ्या लेकीसारखी."

सोप्पक्काचा चेहरा बदलला. तिनं मॅडमला पायरीवर बसवून घेतलं. घर कुठं, आई कुठं, कोण करून घालतं. मॅडम म्हणाली, "एकटीच राहते मी, आजी. दोन्ही वेळ ऑफिसातच जेवते." आणि बोलता बोलता तिनं समोरची एक टवटवीत जुडी उचलली.

अक्कानं ती तिच्या हातातून काढून घेतली. "ती नको गं. ती मेसची." गोणपाटाखालून फडक्यातली जुडी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "ही घरची. ही ने."

"दोन्हींत फरक काय आहे?" मॅडमनं विचारलं.

मी खोकलो. अक्काचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिनं दोन्ही जुड्यांतला एकेक देठ मोडला आणि मॅडमला दिला. "चाव. ही आमच्या विहिरीची. आणि ही केरेची, मोरीचं पाणी मिळतं ना, तिथली. धंद्याला चालते. आपल्या माणसांना नाही देत."

मॅडमनं दोन्ही देठ चावले. रुमालात थुंकली. मग शांतपणे माझ्याकडे बघितलं. अक्कानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ही ऑफिसात कुणाच्या हातचं जेवणार होती ते तिला तेव्हा कळलं. तिचा हात तसाच गोणपाटावर राहिला. मॅडमनं पैसे पुढे केले. अक्कानं घेतले नाहीत. दोन दिवसांनी मला मेल आला, सध्या थांबू या.

ते काम गेलं. शेड सोडावी लागली, आचारी गेले. मी सोप्पक्काच्या पायरीसमोर उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो. एवढंच म्हणायचं होतं की तिला गप्प बसता आलं असतं. वीस वर्षं आम्ही दोघं गप्प बसलो होतो, आणखी दहा मिनिटं बसायचं होतं.

"तूच म्हणालास, आपली पोर," ती म्हणाली. "आपल्या माणसाला ती कशी देऊ?"

"मग मला इतकी वर्षं कशी देत होतीस?"

"तू मागत होतास, अण्णा. मी रोज पाणी सांगायची. तू म्हणायचास, मोज."

भांडणात हरलो की माझा पाय चालतो. मी तिची टोपली लाथाडली. केळीवाल्यानं भाजी गोळा केली.

वर्षभर मी दुसऱ्यांकडून भाजी घेतली. तिथं देठ चावून पाणी सांगणारं कुणी नव्हतं. भाव सांगत, मी पाडत असे, संपलं. वर्षानं एका सकाळी कसं कोण जाणे पाय तिकडे वळले. पायरीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "दे."

माफी मागायची माझी तेवढीच पद्धत. तिला ती कळली असेल असं मी धरून चाललो. तिनं समोरच्या ढिगातली एक जुडी उचलली. तळहाताएवढी पानं, जाड देठ. देठ चावला नाही, पाणी सांगितलं नाही. नुसती पुढे केली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे मी आता गिऱ्हाईक?"

"अण्णा, ऐकून घे..."

मी ऐकलं नाही. जुडी पायरीवर टाकली आणि निघालो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. वर्षभर ती माझ्या नकळत अक्काकडे जात होती, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "विहीर गेली त्यांची. चारही बाजूंनी बिल्डिंगांसाठी बोअर मारल्यात. मुलानं ती जागा विकून टाकली. अक्का स्वतः तीच भाजी खातात, सहा महिने झाले. तुम्ही विचारलंत का?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर पायरी रिकामी. त्याही दुसऱ्या दिवशी. केळीवाला म्हणाला, लेकीनं नेलं, गुडघे चालत नाहीत.

गेल्या थंडीत सोप्पक्का गेली. लेकीनं माझ्या बायकोला फोन केला, मला नाही. पण त्याआधी एकदा मी अक्काला भेटून आलो होतो. लेकीचा फ्लॅट महादेवपुरात, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून काचेच्या इमारती दिसतात. त्यातल्या एकीत चारशे माणसं दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवतात. अक्का खुर्चीत बसली होती. जन्मभर पायरीवर बसलेल्या माणसाला खुर्ची शोभत नाही.

"मेसअण्णा," ती म्हणाली. "जेवलास?"

मी जेवलो म्हणालो. तिनं लेकीला पान वाढायला सांगितलं. मी माफी मागायला गेलो होतो. तेवढी सोडून मी सगळं बोललो. मुलीचं कॉलेज, गॅसचे भाव, केळीवाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ती ऐकत होती. मध्येच बेल वाजली. दारात एक पिशवी ठेवून कुणीतरी निघून गेला. लेकीनं पिशवीतून भाजी काढली. धुतलेली, पुसलेली, मुळं कापलेली, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली.

थोड्या वेळानं माझ्या पानात तीच माठाची भाजी आली, वर खोबरं. पहिला घास हातात धरून मी विचारलं, "अक्का, ही कुठल्या पाण्याची?"

तिनं ओठ वर करून दाखवले. पुढचे दात नव्हते.

"कोणास ठाऊक," ती म्हणाली. "खा."

तिनं वाढायला लावलेलं सगळं मी खाल्लं, आणि ती बघत बसली.